पाठ टेकल्यानंतर

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून तिचे वजन ४८ किलो आहे. होटगी रस्त्यावरच्या शिकवणीहून घरी यायला तिला रात्रीचे नऊ वाजतात. स्वसंरक्षणासाठी तिला ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायचे आहे. तालमीत वाढलेले तिचे मामा मात्र म्हणतात, “पाठीवर पडून लढायचे, ही कसली विद्या?” ही विद्या रस्त्यावर खरोखर उपयोगी पडते का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : मामांचा आक्षेप कुस्तीच्या नियमाने रास्त आहे, कारण कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. पण अंगावर धावून आलेला माणूस निकाल मानत नाही, आणि ४८ किलोच्या मुलीला ८० किलोच्या माणसाने खाली पाडले तर पुढे काय, याचे सर्वांत सविस्तर उत्तर जिउ-जित्सूतच मिळते. १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचलेल्या मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूकडून ही विद्या तिथल्या ग्रेसी कुटुंबाकडे आली आणि त्यांनी जमिनीवरच्या डावांचा कसून अभ्यास केला.

एक डाव पाहा. हल्लेखोर छातीवर बसला असेल, तर त्याचा एक हात आपल्या छातीशी घट्ट आवळून धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा, टाचा नितंबांजवळ रोवून कंबर जोराने उचलायची आणि त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरके उलटायचे. हात व पाय अडकल्यामुळे त्याला तोल सावरायला आधार उरत नाही, म्हणून वजनातला फरक बराच भरून निघतो. उलटल्यावर मात्र वर बसून राहायचे नाही. एक हात मागे टेकवून, दुसरा चेहऱ्यापुढे धरून, टेकलेल्या हाताच्या बाजूचा पाय कमरेखालून मागे घेत उठायचे आणि उजेडाकडे, माणसांकडे पळायचे. माझ्या मते मुलीने सर्वांत आधी हे उठणेच घोटून घ्यावे.

१९९३ मध्ये यूएफसी या मिश्र लढतींच्या स्पर्धेत याच कुटुंबातल्या रॉयस ग्रेसीने आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना हरवले, हा दाखला वर्गावर्गांत दिला जातो. तो खरा आहे. पण तिथे एकास एक लढत होती, पंच होता आणि कुणाच्या हाती चाकू नव्हता. समोर दोघे असतील किंवा हत्यार असेल, तर आपणहून जमिनीवर जाणे घातक आहे; तिथे मोबाइल किंवा पर्स देऊन निसटणे आणि ११२ वर फोन करणे हेच योग्य.

गळ्याच्या पकडीबाबत विशेष काळजी घ्यावी. या पकडीने काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि त्यानंतरही दाब ठेवला तर जीव जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, तर कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही.

फी भरण्यापूर्वी एक तास वर्गात बसून पाहा. जोडीदार खरा विरोध करतो का, मुलींना जड जोडीदारांबरोबर सराव मिळतो का, आणि लढत उभ्यानेही सुरू होते का, हे पाहा. अनेक वर्गांत सराव गुडघ्यांवरूनच सुरू होतो, तेव्हा ती उणीव मामांनी भरून काढावी : खाडाखाडी (उभ्याने मानेला-हाताला भिडून जोर अजमावणे), पट काढणाऱ्यापासून म्हणजे पाय ओढून पाडू पाहणाऱ्यापासून पाय वाचवणे आणि मनगट सोडवणे त्यांनी भाचीला घरीच शिकवावे. आठवड्यातून तीन दिवस असा सराव वर्षभर झाला, तर पकड बसल्यावर ती गोठून जाण्याची शक्यता खूप कमी होईल.