टोचन करण्याआधी टेस्ट लॅम्प
(वाचकांचे प्रश्न, जुन्या गाड्यांविषयी)

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९६३ची चार दारांची गाडी मी अजून चालवतो. गेल्या महिन्यात लांबच्या प्रवासाहून परतताना अंधार पडला आणि हेडलाइट हळूहळू पिवळे पडत गेले. मग इंजिन मिसिंग करायला लागलं आणि शेवटी गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दुपारपासून अगदी मंद मिणमिणत होता, पण गाडी छान पळत होती म्हणून मी लक्ष दिलं नाही. टोचनवाला आला, त्याने पुढून साखळी घालून गाडी उचलली. बंपर वाकला, खालचा पत्रा चेपला आणि आता स्टीअरिंग डावीकडे ओढतंय. गॅरेजमध्ये कळलं की रेग्युलेटरच्या (बॅटरीचं चार्जिंग आटोक्यात ठेवणाऱ्या भागाच्या) एका टर्मिनलची वायर सैल होती, बाकी काही नाही. माझं नेमकं कुठे चुकलं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून जीव हळहळला. बिघाड एका स्क्रूचा आणि मार सगळ्या गाडीला. एकाच जुन्या गाडीची देखभाल मी तीस वर्षं करतो आहे, आणि माझा अनुभव असा की वायरिंगच्या दोषाने गाडीचं कायमचं नुकसान क्वचित होतं; ती घरी आणताना मात्र होतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण आधी तो लाल दिवा.

त्या दिव्याच्या एका टोकाला डायनॅमोचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, करंट येतो आणि दुसऱ्या टोकाला इग्निशन स्विचमधून बॅटरीचा. इंजिन बंद असताना फक्त बॅटरीकडून करंट येतो, म्हणून चावी फिरवली की दिवा लख्ख पेटतो. डायनॅमो बॅटरी भरायला लागला की दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं होतं आणि दिवा विझतो. चालत्या गाडीत तो लख्ख पेटला, तर डायनॅमो काही देतच नाही असं समजा आणि लगेच थांबून फॅनबेल्ट बघा, कारण बहुतेक गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. पण तुमचा दिवा मंद होता. मंद दिव्याचा अर्थ वेगळा. डायनॅमो काम करतोय, पण त्याचा करंट बॅटरीपर्यंत पोचताना वाटेत कुठेतरी अडतोय. कटआउटचे, म्हणजे डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट काळे पडलेत, नाहीतर एखादी वायर सैल आहे. तुमच्या गाडीने दुपारीच बरोबर निदान सांगितलं होतं.

आता बॅटरीचा हिशेब बघा. समजा तुमची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. प्लगच्या ठिणगीसाठी दाब वाढवून देणाऱ्या कॉइलला ३ ते ४ अँपिअर लागतात. म्हणजे भरलेली बॅटरी दिवसा नुसत्या कॉइलवर कागदावर अकरा ते पंधरा तास पुरते. हेडलाइट आणि मागचे दिवे लावले की आणखी ९-१० अँपिअर जातात आणि तेच तीनेक तासांवर येतं. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण बॅटरी क्वचितच काठोकाठ भरलेली असते, आणि व्होल्टेज घसरलं की ती पुरती रिकामी होण्याआधीच ठिणगी कमजोर पडते. तुमचं इंजिन मिसिंग करत होतं ते त्यामुळेच. लाल दिवा मंद दिसायला लागला की पंखा, वायपर, रेडिओ सगळं बंद करा आणि उजेड असतानाच मुक्कामाला पोचा. मधे इंजिन बंद करू नका. सेल्फ एका झटक्यात शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, आणि नेमके तेवढेच तुमच्याकडे शिल्लक नसतात.

आणि जवळ एक टेस्ट लॅम्प ठेवा. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन हातभर वायरी, एका टोकाला क्लिप, दुसऱ्या टोकाला टोकदार सळई. क्लिप इंजिनच्या उघड्या धातूला लावायची आणि सळई एकेका टर्मिनलला टेकवत जायची. बल्ब जिथे लख्ख पेटतो तिथवर करंट नीट येतोय. जिथे विझतो किंवा मिणमिणतो, त्याच्या अलीकडे दोष. सैल टर्मिनल तर डोळ्यांनीही ओळखता येतं. तिथे उष्णता साठते, त्यामुळे वायरीचं शेवटचं इंचभर आवरण तपकिरी आणि कडक झालेलं असतं, बोटाने दाबलं तर पापडासारखं मोडतं. बॅटरीची एक वायर काढून ठेवायची, टर्मिनलचा स्क्रू काढायचा, वायरीचं टोक पॉलिश पेपरने तांब्याचा रंग दिसेपर्यंत घासायचं आणि पुन्हा घट्ट आवळायचं. दहा मिनिटांचं काम. जुन्या गाडीत मी शोध नेहमी बॅटरीच्या टर्मिनलपासून आणि इंजिन ते बॉडी या अर्थिंगच्या पट्टीपासून सुरू करतो, कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथेच सापडलाय.

आता टोचन. दहा मिनिटांत दोष सापडला नाही तर मदत मागवा, त्यात कमीपणा नाही. फक्त फोनवर बोलताना स्पष्ट सांगा : जुनी गाडी आहे, चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच पाठवा. आकड्याची क्रेन आली तर परत पाठवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो वापरायला संकोच करू नका. जुन्या गाडीचा बंपर क्रोमचा पातळ पत्रा असतो. तो दोन ब्रॅकेटवर टांगलेला असतो, गाडीचं वजन पेलायला बनवलेलाच नसतो. साखळी टायरॉडला (स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या रॉडला) किंवा अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) अडकवली की ते रॉड वाकतात आणि चाकांचं अलाइनमेंट जातं. तुमचं स्टीअरिंग ओढतंय ते बहुधा यामुळेच. टायरॉड नुसता सरळ करून घेऊ नका, बदला. एकदा वाकलेला रॉड पुन्हा भरवशाचा राहत नाही. तो बदलून होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

फ्लॅटबेड आल्यावर तुम्ही बाजूला उभे राहू नका. टोचनवाल्याचं रोजचं काम आधुनिक गाड्यांशी असतं, तुमची गाडी त्याने कदाचित पहिल्यांदाच पाहिलेली असते. त्याच्याशी आदराने बोला आणि विंचचा (गाडी वर ओढणाऱ्या चरखीचा) हूक कुठे लावायचा ते तुम्ही दाखवा : टोइंग आय, म्हणजे ओढण्यासाठी दिलेली कडी, असेल तर तिथे, नसेल तर पुढच्या क्रॉसमेंबरला (खालच्या आडव्या तुळईला) किंवा चासीला. ही जागा घरी निवांत असताना गाडीखाली वाकून आधीच बघून ठेवा, अंधारात ती सापडत नाही. फ्लॅटबेडचा उतार चढताना पुढचा पत्रा किंवा सायलेन्सर घासणार असं वाटलं तर चाकांखाली दोन फळ्या घालायला सांगा. वर चढल्यावर पट्टे टायरवरून घ्यायचे आणि बेडच्या कड्यांना ताणायचे. सस्पेन्शनच्या हातांना किंवा बॉडीला पट्टा बांधला तर प्रत्येक धक्क्याला तो जिथे घासतो तिथला रंग जातो आणि रबरी बुशांवर नको तो ताण येतो. ढकलायची वेळ आली तर दाराच्या खांबाला हात लावा, मडगार्ड आणि दिव्यांना नको. गाडी वर घेण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

एक गोष्ट मी स्वतः चुकलो होतो, ती सांगायलाच हवी. माझ्या गाडीला स्टीअरिंग लॉक आहे. फ्लॅटबेडवर चढवताना चाकं वळावीत म्हणून मी चावी ‘ऑन’वर ठेवली आणि ती तशीच राहिली. इंजिन थांबलं होतं त्या जागी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले होते, त्यामुळे कॉइलमधून सतत करंट वाहत राहिला. दोन तासांनी बॉनेट उघडलं तेव्हा कॉइल हात लावू देईना आणि तिच्या तोंडाशी तेल पाझरलं होतं. आधी फक्त एक वायर तुटली होती, आता कॉइलही गेली. चावी फिरवायची असेल तर आधी कॉइलची वायर किंवा बॅटरीचं एक टर्मिनल काढा. पण हँडब्रेक आणि गिअर तपासल्याशिवाय नाही, कारण उतारावर गाडी धरून ठेवतात ते हेच दोन, स्टीअरिंग लॉक नाही.

दोराने ओढत नेणं मी फक्त धोक्याच्या जागेवरून बाजूला होण्यापुरतं मान्य करतो. बॅटरी उतरलेल्या गाडीला मागचे दिवे नसतात, आणि ब्रेकला व्हॅक्यूम सर्व्हो (इंजिनाच्या ओढीने पेडल हलकं करणारी यंत्रणा) असेल तर इंजिन बंद असताना पेडल दगडासारखं लागतं. रात्री थांबावंच लागलं तर परावर्तक त्रिकोण आणि स्वतःच्या सेलवर चालणारा लाल दिवा तरी जवळ हवा, आणि माणसांनी गाडीत न बसता रस्त्यापासून दूर उभं राहावं.

प्रश्न : माझी गाडी अर्धा-पाऊण तास चालली की अचानक बंद पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. सगळे म्हणतात, उन्हामुळे पेट्रोलची वाफ होते. पेट्रोल पंप बदलला, पाइपला कापड गुंडाळलं, पण फरक नाही. दोनदा टोचन करावं लागलं आणि दोन्ही वेळा गॅरेजमध्ये पोचल्यावर गाडी पहिल्या सेल्फला लागली.

उत्तर : तुमचा वैताग मी समजू शकतो. गॅरेजमध्ये सुरू होणाऱ्या गाडीच्या मालकावर कोणी विश्वास ठेवत नाही. मला कंडेन्सरचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीचा, संशय आहे आणि त्याखालोखाल कॉइलचा. दोन्हीही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाले की साळसूद होतात.

ठिणगी देण्याची पॉइंट-कंडेन्सरची ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांची, १९१०च्या कॅडिलॅकमध्ये ती पहिल्यांदा आली आणि साठ-पासष्ट वर्षं जवळपास सगळ्या गाड्या तिच्यावर पळाल्या. ती साधी आहे, म्हणून रस्त्यावर तपासताही येते. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की थांबून वाट बघू नका, ती गरम असतानाच बघा. एक जादा प्लग जवळ ठेवा. एका सिलिंडरची वायर काढून त्या प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू जंप केबलच्या तुकड्याने इंजिनला पक्की जोडा, हात लांब ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करू नका. टच् टच् आवाज करत निळी ठिणगी पडली तर दोष इंधनात. बारीक पिवळी पडली किंवा पडलीच नाही तर पेट्रोलवाल्यांचं म्हणणं सोडून द्या.

मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून, इंजिन फिरत असताना पॉइंटकडे बघा. मिटणाऱ्या-उघडणाऱ्या पॉइंटमध्ये ठसठशीत निळ्या ठिणग्या दिसल्या तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना जो करंट उडी मारायला बघतो, तो सामावून घेणं हेच कंडेन्सरचं काम असतं. बदलताना पॉइंटही बदला आणि गॅप तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेलाच ठेवा, अनेक गाड्यांत तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. जुना, चाललेला, खात्रीचा कंडेन्सर फेकू नका. तो डिकीत राहू द्या. नवा म्हणून घेतलेला कंडेन्सर आठवड्यात गेल्याचं मी दोनदा पाहिलंय.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर आहे. टोचनवाला म्हणतो, न्यूट्रलमध्ये टाका, मागची चाकं जमिनीवर ठेवून नेतो. चालेल का?

उत्तर : नाही. अशा बहुतेक गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना फिरताहेत. फ्लॅटबेड मागवा. ती मिळतच नसेल तर ज्यांना इंजिनाची ताकद मिळते ती चाकं वर घ्या.

प्रश्न : माझी गाडी प्लस अर्थची आहे. बॅटरी उतरल्यावर मदतीला आलेल्या माणसाने सवयीने काळी क्लिप इंजिनला लावली, मोठी ठिणगी उडाली. आता जंपस्टार्टची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आधी दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत ना ते बघा. ६ व्होल्टच्या गाडीला १२ची जोडू नका. नियम तोच : प्लसला प्लस, मायनसला मायनस. फक्त तुमच्या गाडीत इंजिनाचा धातू म्हणजे प्लस, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकलेले नकोत, कारण एकीची बॉडी प्लस आणि दुसरीची मायनस असते. केबल लावलेल्या असताना ती टेकली की शॉर्ट झालाच. खरं सांगायचं तर दुसरी गाडी जोडण्यापेक्षा भरलेली सुटी बॅटरी आणून जोडणं मला कधीही बरं वाटतं. तिला बॉडी नाही आणि बिघडण्यासारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या बरोबर वर, ‘प्लस अर्थ’ असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. अंधारात टॉर्च घेऊन वाकणाऱ्या माणसाची नजर सगळ्यात आधी तिथेच पडते.