ताकदीसाठी पुशअप: सुरुवात अशी कर

भावा, रोज शंभर मारायचं खूळ आधी डोक्यातनं काढ, त्यानं दम वाढतो, ताकद फार नाही. आठवड्यातनं तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी, ५ ते ८ चे तीन सेट, आणि दोन सेटमधे दोन-तीन मिनिटं निवांत बस की.

- जमिनीवर जमत नसेल तर कट्ट्यावर हात टेकव, लाज कसली
- १२ सहज निघाले की आकडा वाढवू नको, पाय पायरीवर ठेव

नवीन पोरांची कंबर लोंबते आणि कोपरं पार बाहेर जातात, कोपर अंगापासून साधारण ४५ अंशात ठेव. आणि सोलापूरचा उन्हाळा, सकाळी सहालाच उरक, घामानं फरशी ओली झाली की तळहात सटकतो. एका हाताचे वगैरे नंतर बघू.