एक्स-रे स्वच्छ, मग छाती का आवळते?

प्रश्न : माझे यजमान इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहेत. वय 41, नोकरीला अकरा वर्षं झाली. सोमवारी त्यांना सुट्टी. मंगळवारी पाळी करून आले की छाती आवळते, कोरडा खोकला येतो, जिना चढताना धाप लागते. गुरुवारपर्यंत बरं वाटतं. एक्स-रे स्वच्छ आहे, टीबी नाही. डॉक्टर खोकल्याचं औषध देतात. विडी चालू आहे. गिरणीतले लोक म्हणतात, रोज गूळ खा, धूळ साफ होते. काय करू?
– एक वाचक भगिनी, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही वार लिहिलेत, हे फार चांगलं केलंत. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी त्रास आणि मग उतार, ही कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूण आहे. कामामुळे होणारा दमा बहुधा आठवडा सरेल तसा वाढतो. इथे उलट आहे. या आजारात एक्स-रेवर ओळखू येईल असं काही दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका. खोकला किती दिवस, हे रुग्णाला सगळेच विचारतात. काम कुठलं, कुठल्या खात्यात, हे फार थोडे विचारतात. याची मला खरोखर चीड येते.

स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसाचं काम मोजणारी तपासणी, करून घ्या, पण दिवस जपून निवडा. मंगळवारी पाळीला जाण्याआधी एकदा आणि पाळी संपताच पुन्हा. पहिल्या सेकंदात फुंकली जाणारी हवा दुसऱ्या वेळी कमी भरली, तर संशय पक्का होत जातो. सुट्टीच्या दिवशी हीच तपासणी नॉर्मल येऊ शकते.

कापसात बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा असतो. त्यावरच्या जिवाणूंचं विष श्वासनलिका आखडवतं. गाठी फुटतात त्या ब्लो-रूममध्ये आणि कापूस विंचरला जातो त्या कार्डिंगमध्ये ही धूळ सर्वांत जास्त. म्हणून औषधापेक्षा खातं बदलणं महत्त्वाचं. डॉक्टरांकडून तशी लेखी चिठ्ठी घ्या. त्रास गुरुवारी थांबतो आहे तोवर फुप्फुस सावरू शकतं. तो आठवडाभर राहू लागला, की पुढे कायमचा होण्याची भीती असते. विडी हे नुकसान वाढवते, ती आजच सुटायला हवी. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. चांगला एन-९५ मास्क काही प्रमाणात अडवतो, पण उकाड्यात आठ तास तो कोण लावून ठेवणार? धूळ यंत्रापाशीच ओढून घेणं आणि मशीनवर प्रेशरची हवा मारून सफाई न करणं, ही जबाबदारी गिरणीची आहे.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर तिथल्या डॉक्टरांना केसपेपरवर 'कार्डिंग खातं, 11 वर्षं' असं लिहायला सांगा. बिसिनोसिस हा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे. तो सिद्ध झाला, तर कामावर झालेल्या इजेसारखाच लाभ मागता येतो, आणि तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

राहिला गूळ. तो पोटात जातो, धूळ श्वासनलिकेत असते. आवडत असेल तर खाऊ दे, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका.