वाकलेल्या पिना, आणि बाबांना काय सांगायचं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. बाबांच्या कॉम्प्युटरमधला कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा, ओढताना प्रोसेसर त्यालाच चिकटून वर आलाय, कोपऱ्यातल्या काही पिना वाकल्यात, एक तर आडवीच झालीय. फोटोखाली तू लिहिलंस, "काका, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड प्रोसेसर आणतो आणि बाबांना कळायच्या आत बसवून टाकतो." पिनांचं बघता येईल. धास्ती वाटते ती या बेताची, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधी झालं काय ते समजून घे. तू पाहिलेला व्हिडिओ इंटेलच्या मशीनचा होता. इंटेलने २००४ साली, एलजीए ७७५ सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), डेस्कटॉप प्रोसेसरवरच्या पिना काढून मदरबोर्डवर नेल्या. तिथे प्रोसेसर वरून धातूच्या चौकटीने दाबून धरलेला असतो, त्यामुळे कूलर ओढला की कूलरच हातात येतो. तुमच्या घरचं मशीन एएमडीचं, एएम४ सॉकेटचं. त्यात १,३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि सॉकेटची दांडी फक्त त्या पिना पकडते, वरून दाब कशाचाच नाही. पंख्याखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट इतक्या वर्षांत डिंकासारखी वाळली होती, तिने प्रोसेसर उपटून काढला. असं मशीन उघडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, पेस्ट गरम होऊन सैल पडते. मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवायचा आणि सुटला की उचलायचा. व्हिडिओवाला चुकीचं सांगत नव्हता रे, तो दुसऱ्या मशीनबद्दल सांगत होता. बोर्डवरचं मॉडेल वाचून तेच शोधायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं कोणीच देत नाही.

आता पिना. एवढ्या गर्दीत बऱ्याच पिना ग्राउंडच्या किंवा पॉवरच्या असतात, त्यांना जोडीदार असतात. एखादी गेली तरी मशीन कधी कधी चालतं. पण नेमकी मेमरीची गेली तर रॅमचा एक स्लॉट दिसेनासा होतो, म्हणून नशिबावर सोडायचं नाही. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलचं टोक पिनेवर बसवून ती सावकाश, एकदाच सरळ करायची. पुढे-मागे करत बसलास तर मुळाशी तुटते आणि मग काम खरंच अवघड होतं. रात्री मोबाईलच्या टॉर्चखाली तर हात लावूच नकोस. माझ्याकडे भिंग आहे, टेबलाला दिवा आहे.

तुझ्या बेतात आणखी एक खड्डा आहे आणि तो तुला दिसलेला नाही. त्या मशीनवर विंडोज ११ आहे. एएमडीच्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते. नवा प्रोसेसर बसवलास की काळ्या स्क्रीनवर प्रश्न येतो, टीपीएम रिसेट करायचं का, वाय की एन. घाईघाईत तू वाय दाबणार. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असली तर पुढे निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, आणि ती असते बाबांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याकडेच हात पसरायचा, तोही सोसायटीचे सगळे हिशेब कुलपात अडकवून. आत्ता डिस्कला धक्काही लागलेला नाही. नुकसान वाकलेल्या पिनांपुरतं आहे, ते तेवढंच राहू दे.

दुकानात बसून एक पाहिलंय. "आपोआप बंद पडलं" म्हणून आलेल्या मशीनचे निम्मे स्क्रू झिजलेले असतात. मला राग येत नाही, वेळ जातो. काय उघडलं, कुठली वायर आधी काढली, मध्ये चालू करून पाहिलं का, हे क्रमाने सांगणाऱ्याचं काम लवकर होतं आणि बिलही कमी येतं. तूही आज आठवतंय तोवर लिहून काढ. आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा उघडला नाहीस ना? प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. तो डबा बिघडला तर आख्खा बदलायचा, उघडायचा नाही.

बाबांना आजच सांग, जेवणानंतर. "पंख्याचा आवाज येत होता म्हणून मी उघडलं, प्रोसेसरच्या पिना वाकल्या, डेटा सुरक्षित आहे, काकांकडे नेतोय." इतकंच. शेवटी "पण" जोडून व्हिडिओवाल्याला मध्ये आणू नकोस. ते चिडतील. चिडू देत, मशीन त्यांचं आहे. आणि रिकव्हरी की कुठे आहे तेही त्याच वेळी विचारून घे, नंतर विचारायला जीभ रेटणार नाही.

मंगळवारी अकरानंतर नौपाड्याला ये, सोमवारी दुकान बंद असतं. प्रोसेसर कडेने धर, पेस्ट पुसून, पिना वर करून छोट्या कडक डबीत ठेव, खाली घडी केलेला कागद घाल म्हणजे घरंगळणार नाही. थर्मोकोल नको, स्टॅटिक धरतो. कॅबिनेट घेऊन लोकलमध्ये चढू नकोस, कळव्याच्या पुलावरून रिक्षा कर. पाऊस असला तर बुधवारी ये. कूलरचे चारही स्क्रू पुडीत बांधून आण, ते सुटे मिळत नाहीत.

तुझा,
काका