मेजर पेंटॅटॉनिक वाजवूनही सोलो मायनरच का वाटतो?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: गिटारवर ए मायनर पेंटॅटॉनिकचा (पाच स्वरांच्या मायनर स्केलचा) पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स, म्हणजे बोटांचा ठरलेला साचा, तुझ्या हातात बसलाय. तोच तीन फ्रेट मागे, दुसऱ्या फ्रेटवर नेला की ए मेजर पेंटॅटॉनिक मिळतं, असं तुला कुणीतरी सांगितलं. तू नेलास. पण ए, डी, ई या कॉर्डच्या साथीच्या ट्रॅकवर सोलो गोड व्हायचा सोडून कधी उदास वाटतो, कधी भरकटल्यासारखा.

सांगणाऱ्याचं चुकलं नाही, फक्त त्याने अर्धंच सांगितलं. बॉक्स मागे सरकला, पण बोटांच्या सवयी तुझ्यासोबतच आल्या. पाचव्या फ्रेटवर असताना तू प्रत्येक लिक (सुरावटीचा छोटा तुकडा) संपवताना सहाव्या किंवा पहिल्या तारेवर तर्जनीखाली येऊन थांबायचास, कारण तिथे ए होता. आता त्याच तर्जनीखाली एफ शार्प आहे. म्हणजे ट्रॅक ए मेजरचा आणि तू एफ शार्प मायनर वाजवतोयस. उदास वाटणारच! नवा सा शोध: सहाव्या आणि पहिल्या तारेवर पाचवा फ्रेट, करंगळीखाली, आणि तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, तर्जनीखाली. महिनाभर दुसरं काही करू नकोस, लिक कुठूनही सुरू कर, पण संपव या तीनपैकी एका जागी.

हे मला पंचवटीतल्या एका पेटीवाल्या आजोबांनी समजावलं. पंचवटी म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या आश्रमाचा परिसर, त्यांचे पुत्र, गायक द. वि. पलुस्करांचा जन्मही १९२१ सालचा, नाशिकचाच. तिथल्या जुन्या माणसांचे कान फार तिखट. आम्ही त्यांच्या वाड्यात वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. मी तासभर हाच बॉक्स घासत होतो. जिन्यातून आवाज आला, "अरे, भूपाचे स्वर घेतोस आणि धैवतावर बसून राहतोस. सा कुठंय तुझा?" मग खाली बोलावून त्यांनी पेटीवर सा रे ग प ध वाजवलं, आणि तेच पाच स्वर धैवताला सा मानून पुन्हा वाजवले. ते झाले धानीचे स्वर, म्हणजे आपलं मायनर पेंटॅटॉनिक. पट्ट्या त्याच, दाबणारा हातही तोच, पण खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटलं. याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. रिलेटिव्ह मायनर म्हणून पोरं जे पाठ करतात ते हेच.

हे कानात उतरवायला तानपुरा ॲप लाव. सूर ए, पहिली तार पंचमात. दुसऱ्या फ्रेटच्या बॉक्समध्ये दहा मिनिटं रमतगमत वाजव. मग हात तिथेच ठेवून ॲपचा सूर एफ शार्प कर. एकही स्वर न बदलता रंग बदलेल. यासाठी ॲम्पही नको. वीज गेली की बाल्कनीत बसून साध्या गिटारवर हेच कर.

आता भरकटणं. हा वेगळा रोग आहे. भूप आणि देशकार दोन्हींत सा तोच आणि स्वर तेच पाच, पण भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकारात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. कुठे रेंगाळायचं यावर सगळं ठरतं. गिटारवर हे दर कॉर्डला नव्याने ठरवावं लागतं, कारण खाली जमीन हलत असते. ए कॉर्डवर सी शार्पवर थांब, तो तुझा गंधार: पाचव्या तारेवर चौथा फ्रेट किंवा दुसऱ्या तारेवर दुसरा. डी कॉर्ड आली की मात्र तोच सी शार्प अधांतरी लटकतो. तिथे एफ शार्पवर उतर, तो डीचा स्वतःचा गंधार आहे. म्हणजे ज्या स्वराने मघाशी उदास केलं, तोच इथे हसतो. ई कॉर्डला ई किंवा बी. ईचा गंधार, जी शार्प, या स्केलमध्ये नाहीच. हवा असेल तर बाहेरून उसना आण, कुणी रागावणार नाही.

गोडवा खरा बेंडमध्ये, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्यात आहे. तिसऱ्या तारेवर चौथा फ्रेट, बी. अनामिकेने दाब, मागे मधलं बोट आधाराला ठेव आणि पूर्ण एक स्वर वर ओढ: रे वरून ग. पोचलास का, ते त्याच तारेच्या सहाव्या फ्रेटवर तपास. बहुतेकांचा बेंड अर्ध्यात मरतो आणि मग स्केलला दोष देतात. कान तयार झाला की तानपुऱ्यावर हा ग फ्रेटपेक्षा केसभर खाली थांबवून बघ. शुद्ध गंधार फ्रेटवरल्यापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). आजोबा त्यावरून पेटीलाच शिव्या घालायचे, आणि स्वतः पेटीच वाजवायचे.

ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारवादक डिकी बेट्स ऐकलास तर मेजर पेंटॅटॉनिक भरपूर सापडेल. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग मेजर आणि मायनर मिसळतो. तुला ब्लूजमध्ये ते करायचं असेल तर सोपी सुरुवात अशी: ए ला दुसऱ्या फ्रेटचा बॉक्स, डी सेव्हन आली की पाचव्या फ्रेटचा जुना मायनर. डी सेव्हनमध्ये साधा सी असतो, त्यावर सी शार्प खटकतो. पण हे नंतर. आधी तीन सा.

आणि हे जीमध्ये करशील तेव्हा गोंधळू नकोस: जी मायनरचा तिसऱ्या फ्रेटवरचा बॉक्स तीन फ्रेट मागे नेला की थेट मोकळ्या तारांवर येतो. मोकळ्या तारा जमत नसतील तर बाराव्या फ्रेटवर जा. तिथे फ्रेट अरुंद असतात, पहिले दोन दिवस बोटं एकमेकांवर चढतील.