वाचक विचारतात : फोनचे हप्ते किती महिन्यांचे घ्यावेत?

प्रश्न : ३०,००० रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर घ्यायचा आहे. दुकानदार ६, १२ आणि २४ महिन्यांचे हप्ते सांगतो. पहिले दोन 'नो-कॉस्ट' आहेत, पण २४ चा हप्ता हलका वाटतो. कोणता घ्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : १२ महिन्यांचा. २४ चा विचार सोडा.

'नो-कॉस्ट'मध्येही बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम आधी सूट म्हणून किमतीतून वजा होते, इतकंच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या माथी येतो. वार्षिक १६ टक्के दर धरला, तर १२ महिन्यांच्या २,५०० रुपयांच्या हप्त्यांत मिळून सुमारे २,४५० रुपये व्याज दडलेलं असतं. त्यावर जीएसटी ४४०. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे फोन पडला साधारण ३०,६७५ ला. सहा महिन्यांत हाच हिशेब ३०,४८० होतो. दोनशे रुपयांसाठी दरमहा ५,००० ची ओढाताण कशाला? २४ महिन्यांना सूट नसेल, तर हप्ता सुमारे १,४७०, व्याज ५,२५०, त्यावर जीएसटी ९४५ आणि फी. फोन ३६,४०० च्या पुढे जातो. शिवाय कंपनीची वॉरंटी बहुधा एकच वर्षाची. चौदाव्या महिन्यात मदरबोर्ड गेला, तर दुरुस्तीही तुमची आणि उरलेले दहा हप्तेही तुमचेच.

कार्ड देण्याआधी एकरकमी भाव विचारा. तो २८,५०० निघाला, तर 'नो-कॉस्ट' हा शब्द विसरा. चार्जस्लिपवरचे (कार्ड मशीनमधून निघणाऱ्या पावतीवरचे) महिने, व्याजदर आणि सूट वाचूनच सही करा.

कर्जाची पूर्ण रक्कम कार्डाच्या लिमिटमधून अडकते आणि हप्ते भरत जाल तशी सुटते. लिमिटच ५०,००० असेल, तर सहा महिने बरे. स्टेटमेंट आलं की पूर्ण रक्कम भरा. नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलात तर किराणा-पेट्रोलच्या खर्चावरही व्याज चढतं, आणि ते हप्त्याच्या दरापेक्षा खूप जास्त असतं. फोन परत केलात, तर पैसे कार्डावर जमा झाले म्हणून हप्ते आपोआप थांबतील असं धरू नका. बँकेला फोन करून ईएमआय रद्द करून घ्या. प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही. मुदतीआधी कर्ज फेडायचं असेल, तर उरलेल्या मुद्दलावर अनेक बँका ३ टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि वर जीएसटी लावतात.

प्रश्न : नव्या ५जी फोनबरोबर वर्षाचा रिचार्ज एकदम मारावा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी २८ दिवसांचा मारा. घरात, कामाच्या ठिकाणी आणि रोजच्या रस्त्यावर ५जी टिकतं का पाहा. त्या पॅकमध्ये अमर्याद ५जी आहे का, हेही तपासा. नेटवर्क पटलं नाही आणि नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, तर जुन्या पॅकचे उरलेले दिवस बुडतात. पटलं तर वर्षाचा घ्या, पण तुलना नीट करा : २८ दिवसांचे बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात, आणि तेही ३६४ दिवसच पुरतात.