वाचकांचे प्रश्न : सुट्टी, अंगण आणि गच्ची

प्रश्न : घरी केलेल्या साबणाच्या पाण्याचे फुगे नळीतून सुटायच्या आतच फुटतात. भांड्यांचं लिक्विड वाढवून पाहिलं, तरी तेच. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (लातूर)

लिक्विड वाढवून उपयोग नाही. फुगा म्हणजे साबणाच्या दोन थरांमध्ये धरलेला पाण्याचा पातळ पापुद्रा. पाणी उडून गेलं की तो फुटतो. मे महिन्यात दुपारी चारला लातूरच्या कोरड्या हवेत तो टिकणार कसा? त्यामुळे आधी वेळ बदला. सकाळी सातच्या सुमारास, वारा पडलेला असताना, तेच पाणी बरंच बरं चालेल.

आता मिश्रण. एक लिटर पाणी, अर्धी वाटी (साधारण १०० मिली) भांड्यांचं लिक्विड आणि दोन मोठे चमचे ग्लिसरीन. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं. ते ओलावा धरून ठेवतं, म्हणून फुगा उशिरा सुकतो. त्याऐवजी साखरही चालते, पण मग मुलांचे हात चिकट होतात आणि मुंग्या लागतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार साबणाचं काम बिघडवतात, म्हणून क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचं पाणी घ्या. तेही नसेल तर पाणी उकळा, रात्रभर निवू द्या आणि तळाचा पांढरा गाळ न ढवळता वरचं ओतून घ्या. सगळे क्षार जात नाहीत, पण बरेचसे खाली बसतात. अंगाच्या साबणाची वडी किसून घालू नका. जड पाण्यात तिची साय धरते.

मिश्रण हलक्या हाताने ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर फेस दिसला तर चमच्याने काढून टाका, कारण फेसाचा बुडबुडा फुगे काढायच्या कड्यावर आला की पापुद्रा तिथेच तुटतो. बहुतेक घरांत चूक होते ती इथे: मुलं बादलीत हात घालून आधी फेसच करतात.

नळीपेक्षा जुनी बांगडी चांगली. तिच्यावर सुती दोरा जवळजवळ गुंडाळा आणि धरायला एक काडी बांधा. दोरा पाणी पितो आणि पापुद्र्याला पुरवत राहतो. नायलॉनचा दोरा पाणी धरत नाही. फुंकण्यापेक्षा बांगडी हळू ओढलेली बरी. कोरड्या बोटाने फुगा फुटतो, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने नाही. हे मुलांना सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू द्या. खेळ मातीत किंवा गवतावर. फरशीवर हे पाणी सांडलं की कोणीतरी घसरतंच.

प्रश्न : शून्य सावलीच्या दिवशी मुलांना गच्चीवर काय दाखवता येईल? गेल्या वर्षी स्टीलचा पेला उपडा ठेवला, पण त्याची सावली आधीच्या आठवड्यातही दिसत नव्हती. (पुणे)

शून्य सावलीच्या दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बाहेर पडत नाही. तुमच्याकडे दोष पेल्याचा. उपड्या पेल्याचं वरचं टोक लहान आणि खालचं तोंड मोठं, त्यामुळे सूर्य थोडा कलता असला तरी वरच्या टोकाची सावली खालच्या घेराच्या आतच पडते. १२ सेंमी उंच पेला प्रत्येक बाजूला एक सेंमी निमुळता असेल, तर पंधरा दिवस आधीपासूनच ऐन मध्यान्ही ‘सावली नाही’ असं दिसेल. सुलटा ठेवलात तर उलटी गंमत: त्या दिवशीही बुडाभोवती सावलीची कडा दिसते. म्हणून सरळ बाजूंची वस्तू हवी. पाइपचा फूटभर सरळ कापलेला तुकडा उत्तम.

तो उभा आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी पाहा. गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार असतोच, तेव्हा पाइपाखाली पाट ठेवून पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा.

सूर्य बरोबर डोक्यावर येण्याची तारीख गावाच्या अक्षांशावर ठरते: कोल्हापूरला ६-७ मेच्या सुमारास, पुण्यात १३ मेच्या, मुंबईत १५ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. वेळही घड्याळातल्या बाराची नसते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथे मध्यान्ह साधारण १२.३१ ला होते. मुंबईत १२.३५, नागपुरात १२.११. जुलैच्या अखेरीस मुंबईत हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

खरी मजा त्या एका दिवसात नाही. आठ दिवस आधी सुरुवात करा. पाटावर पांढरा कागद चिकटवून १२.१० ते १२.५० दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सगळ्यात आखूड सावली उत्तर-दक्षिण दिशा दाखवते. १३ मेपूर्वी ती उत्तरेकडे पडते, नंतर दक्षिणेकडे, आणि हे मुलांना पटकन पटत नाही. सावलीची कड अंधूक येते, कारण सूर्य ठिपका नसून थाळी आहे. खूण गडद भागाच्या टोकाशी करा.

टोपी आणि चपला हव्यातच. खूण करायची, लगेच सावलीत परतायचं. सूर्याकडे बघायचं नाही, गॉगल लावूनही नाही.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला अंगणात काय देता येईल? (सांगली)

भिंत रंगवायचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी. उन्हातली आणि सावलीतली भिंत, दोन्ही रंगवू द्या आणि कुठलं चित्र आधी पुसलं जातं ते विचारा. भरलेली बादली जवळ ठेवू नका. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

प्रश्न : सोसायटीत गाड्या असतात, लगोरीला टेनिसचा चेंडू चालत नाही. मोज्यांचा केला तर तो हलका पडतो आणि लगोरी पडतच नाही. (ठाणे)

मध्यभागी वजन घाला. मूठभर तांदूळ (५०-६० ग्रॅम) कापडात घट्ट बांधून पुरचुंडी करा, तिच्यावर दोन मोजे गुंडाळा आणि तिसऱ्या मोज्यात सगळं घालून तोंड शिवा. नुसती गाठ मारली तर चेंडू एका बाजूला जातो. पुठ्ठ्याच्या चकत्या वाऱ्याने उडतात, म्हणून सुताराकडून लाकडाचे सात चपटे तुकडे आणा आणि कडा पॉलिशपेपरने घासा. मोठा तुकडा खाली, लहान वर. नेम मारायची रेघ आठ-दहा पावलांवर ठेवा, लहानांसाठी पाच.